मावशीची धडधड आणि पिशवीचा मेसेज

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली, की पाण्याच्या आकड्यांबरोबर आमच्या ग्रुपवर आणखी एक मेसेज फिरतो: ‘छातीत धडधड, हाताला मुंग्या, दम लागणं हे नुसते मनाचे खेळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घालून श्वास घ्या, दोन मिनिटांत बरं वाटेल. डॉक्टरकडे गेलात तर गोळ्या जन्माच्या चिकटतील.’ २०१९ च्या पुरात माझ्या मावशीला चिखलीतून नावेने बाहेर काढलं. तेव्हापासून पाऊस वाढला की तिला हेच सगळं होतं, आणि कुणी ना कुणी तिला हाच मेसेज पाठवतं.

मनाचे खेळ? हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका. भीतीने मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय पळायला लागतं, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. श्वास नकळत भराभर होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्याने रक्ताची आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. म्हणून ओठांना, बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. मावशीची आखडलेली बोटं मी पाहिलीत. शेजारीण मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावली होती आणि घरातलेच ‘नाटकं करू नको’ म्हणत होते. मावशीला ते शब्दच जास्त लागले.

पिशवीचा सल्ला जुना आहे. गेलेला कार्बन डायऑक्साइड परत मिळावा म्हणून पूर्वी कागदी पिशवी देत. पण त्या माणसाला खरोखर हार्ट अटॅक किंवा दमा असेल, तर ऑक्सिजन कमी पडून जीव जाऊ शकतो. प्लॅस्टिकची पिशवी तर तोंडाजवळही नेऊ नका. ‘मोठ्ठे श्वास घे’ हेही उलटंच पडतं. श्वास सावकाश हवा: नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. पाय जमिनीला टेकलेले, खांदे सैल. ही भीतीची लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि मग हळूहळू ओसरते. मी शेजारी बसून एवढंच म्हणते, ‘मावशे, पाणी उतराय लागलंय.’

डॉक्टरकडे जाऊ नका, याचा मला सर्वांत राग येतो. छातीवर दाब, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात, दरदरून घाम असं असेल तर श्वास मोजत बसू नका, १०८ लावा. (‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजण्यातही वेळ घालवू नका.) पहिल्यांदाच झालं असेल तर ईसीजी काढाच. थायरॉइड वाढलं, हिमोग्लोबिन उतरलं तरी धडधडतं.

गोळ्याही सगळ्या सारख्या नसतात. भीती लगेच शमवणाऱ्या अल्प्राझोलामची सवय लागते, ती मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नये. चिंता-नैराश्यावरच्या एसिटालोप्रामसारख्या औषधांची तशी चटक लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बंद करताना डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडवत नसेल तर १४४१६, टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: मोफत, चोवीस तास, मराठीतून. मावशीने आधी फोनच केला होता. तो मेसेज पुन्हा आला की त्याच्याखाली हा नंबर टाका.