'एका टिकमार्कचे तीन तास': तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला त्रास झाला, मशीन मिळायलाही उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. पण "कॅलेंडरमध्ये एक टिकमार्क करायचे तीन तासांचे पैसे लावले, वर माझ्या जुन्या नोंदीही घालवल्या" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून गप्प बसवेना.

तुमच्या मशीनवरच्या कॅलेंडरमध्ये मीटिंगा आणि जुन्या नोंदी दिसत नव्हत्या, म्हणून ते आमच्याकडे आलं होतं. टिकमार्क केला, खरं आहे. पण तो सगळ्यात शेवटी, आणि तुम्ही न्यायला आलात तेव्हा नेमका तोच पाहिलात. नोम कॅलेंडर (तुमच्या लिनक्स मशीनवरचं कॅलेंडर अ‍ॅप) नोंदी फक्त दाखवतं. त्या आणून साठवतो मागे चालणारा इव्होल्यूशन डेटा सर्व्हर, आणि त्याला गूगल खात्याचं लॉगिन मिळतं सेटिंग्जमधल्या ऑनलाइन अकाउंट्सकडून. म्हणून आधी ब्राउझरमध्ये पाहिलं (तुमच्यासमोरच). तिथे सगळ्या मीटिंगा जागेवर होत्या. पासवर्ड बदलल्यापासून ऑनलाइन अकाउंट्स पुन्हा साइन-इन मागत होतं. ते केलं, तरी काही दिसेना, कारण कॅलेंडर बंद केलं तरी मागचा सर्व्हर चालूच राहतो. तो थांबवून परत सुरू केल्यावर नोंदी उतरल्या. ऑफिसचं कॅलेंडर तेवढं यादीत लपवलेलं निघालं, तिथे तो टिकमार्क.

एवढंच काम असतं तर बिल नावापुरतं झालं असतं.

वेळ खाल्ला तो 'पर्सनल' कॅलेंडरने. त्यातल्या नोंदी गूगलवर कधी नव्हत्याच, फक्त तुमच्या डिस्कवर होत्या. मशीन देताना तुम्हीच म्हणालात की कुठेतरी वाचून कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या प्रती) साफ केली. कॅश पुसली असती तर काहीच बिघडलं नसतं, ती गूगलच्या सर्व्हरवरून परत भरते. पण डॉट-कॅशमधलं (तात्पुरत्या प्रतींचं) इव्होल्यूशन फोल्डर होतं तसंच होतं, आणि डॉट-लोकलच्या शेअरमधलं त्याच नावाचं फोल्डर, जिथे 'पर्सनल'च्या खऱ्या नोंदी असतात, ते कोरं करकरीत, तारीख तुम्ही यायच्या आदल्या दिवसाची. नाव एकच, दोन्ही लपलेली. कुणाचाही गोंधळ होईल. म्हणून तर मी तुम्हाला तेव्हा एक शब्द बोललो नाही. आणि आता सगळ्यांसमोर नोंदी आम्ही घालवल्या! हात लावण्यापूर्वी आम्ही होम फोल्डरची प्रत काढतो. तुमची अजून आहे, येऊन तारीख बघा, मग पुसून टाकतो.

ते तास पुसलेली फाइल शोधण्यात गेले. कॅलेंडरची फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे नोंदींच्या ठरावीक ओळी डिस्कवर शोधता येतात. एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा खरोखर रिकामी करणारी सोय) चालू असलं की आशा फार कमी, हे फोनवर सांगितलं होतं, आणि वेळेचे पैसे लागतील हेही. "बघा प्रयत्न करून" म्हणालात. केला. नाही मिळालं. मिळालं नाही म्हणजे काम झालंच नाही, असं कसं धरायचं? आमच्याकडे येणारा माणूस आधी हे स्टारच बघतो हो.

यापुढे बिलावर कामाचा तपशील लिहीत जाऊ, जमेल तितका. जुन्या लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर एखादी आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) सापडली तर आणा, भरून देतो, पैसे नकोत. नवी नोंद आता आपोआप गूगलच्या कॅलेंडरमध्ये जाईल असं करून ठेवलंय, ते तेवढं बदलू नका.