‘दुखतंय का?’ हे मी विचारणं सोडलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई (चाळीस वर्षं शाळेत शिकवलंत असं लिहिलंत, म्हणून बाईच म्हणते),

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेकीच्या सांधेदुखीची नोंद आम्ही मोबाइलवर ठेवतो, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मुलं आधीच मोबाइलला चिकटलेली, त्यात हे आणखी एक निमित्त. रोज दुखणं मोजत बसलं की ते डोक्यात घर करतं. आणि आईने करायची विचारपूस यंत्रावर ढकलू नये.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो खरा आहे. अमेरिकेत लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो 2006 साली छापून आला. जुनी पोटदुखी असलेल्या आणि नसलेल्या मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला दिलं. मग काही पालकांनी ‘त्रास होतोय का रे?’ अशी विचारपूस करायची, काहींनी भलत्याच गप्पांत गुंतवायचं. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, गप्पांत रमलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. हे वाचून मला रडू आलं. लेक गादीवरून उठायच्या आत मी विचारायचे, डबा भरताना विचारायचे, शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आधी विचारायचे. आणि ती माझा चेहरा बघून ‘नाही गं’ म्हणायची.

म्हणूनच तुमचा तिसरा आक्षेप मला मान्य नाही. मी मोबाइलवर ढकलला तो एवढा एक प्रश्न. आता तो तिला सकाळी दात घासल्यावर आणि रात्री जेवणानंतर विचारला जातो, ती मिनिटभरात उत्तर देते आणि फोन माझ्याकडे परत येतो. दिवसभर आम्ही बाकी सगळं बोलतो.

दर खेपेला तपासणीत डॉक्टर विचारायचे, ‘मधले दिवस कसे गेले?’ मी म्हणायचे, ‘बरे गेले.’ कारण मला आठवायचा तो कालचा, फार तर परवाचा दिवस. एकदा त्यांनी मला थांबवलं आणि नोंदी तिलाच वाचायला सांगितल्या. ‘मंगळवार. बाटलीचं झाकण उघडलं नाही, मैत्रिणीने उघडलं. गुरुवार. दुसऱ्या तासापर्यंत बोटं आखडलेली, फळ्यावरचं उतरवून घेतलं नाही.’ मी शेजारी बसून हे पहिल्यांदा ऐकत होते. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. पूर्ण वळली नाही. औषधाचा डोस त्याच दिवशी बदलला. शाळेत याच गुरुवारचा शेरा होता, ‘वर्गात लक्ष नाही’. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

ही कल्पना माझी नव्हे. टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये जेनिफर स्टिन्सन यांच्या गटाने कर्करोग झालेल्या मुलांसाठी ‘पेन स्क्वाड’ नावाचं अॅप केलं. मूल त्यात पोलीस पथकात भरती होतं, सकाळ-संध्याकाळ दुखण्याची नोंद करतं आणि नोंदी नियमित राहिल्या की त्याला बढती मिळते. केमोने गळून गेलेलं मूल कागदी डायरी लिहीत नाही, हे ओळखून ते केलं.

अॅप म्हणजे जादू आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सिएटलच्या टोन्या पालेर्मो यांनी जुनाट दुखणं असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी ‘वेबमॅप मोबाइल’ तयार केलं. त्यात श्वासाचे व्यायाम, झोपेच्या सवयी, हळूहळू हालचाल वाढवणं असे धडे होते. आठ दवाखान्यांतल्या 143 मुलांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत दुखणं आणि अडलेली कामं यांत एकंदर फारसा फरक दिसला नाही. ज्यांनी ते मनापासून वापरलं, त्यांच्यात सुधारणा जास्त होती. त्यामुळे व्यायाम, औषध आणि फिजिओथेरपी यांच्या जागी फोन ठेवू नका, हे मी प्रत्येक पालकाला सांगते.

आमच्याकडे तर खास अॅपही नाही. बरीचशी अॅप्स इंग्रजीत, शून्य ते दहा आकडा मागणारी. लेकीला आकड्यापेक्षा शब्द नेमका सापडतो. सांधा ‘ठणकतो’ तेव्हा तो सुजलेला असतो, ‘आखडलाय’ म्हटलं की गरम पाण्याने आणि हालचालीने सुटतो, आणि मधूनच येते ती ‘कळ’. हा फरक डॉक्टरांना उपयोगी पडला. म्हणून फोनमधल्याच साध्या नोंदवहीत ती मराठीतच लिहिते, आणि पहिली ओळ कायम ‘आज काय जमलं’ ही असते. ही ओळ तुमच्या दुसऱ्या आक्षेपासाठीच आहे, म्हणा ना. ती वही कोणाला दाखवायची हे तीच ठरवते.

गेले नऊ दिवस तिने काहीच लिहिलेलं नाही. मी आठवण केलेली नाही. काल संध्याकाळी ती खाली लंगडी खेळत होती, मी गॅलरीतून पाहिलं.