मेकॅनिक सांगतोय ते खरं की खोटं, कसं ओळखायचं?

गाडी गॅरेजला लावली की आपण दोनच गोष्टी विचारतो, किती होतील आणि कधी मिळेल. नेमकं काय बिघडलंय हे विचारतच नाही, आणि मग बिल हातात पडलं की घरी येऊन चिडचिड. माझं स्पष्ट मत आहे, मेकॅनिक भरवशाचा आहे की नाही हे बिलाच्या आकड्यावरून कळत नाही, एसी वेटिंग रूम आहे की अंबड लिंक रोडवरचं पत्र्याचं शेड यावरून तर नाहीच नाही. तो बिघाड दाखवतो का, मोजून दाखवतो का, ते बघा.

माझ्या मावसभावाच्या गाडीत एक गॅरेजवाला दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरून द्यायचा. अरे, तो गॅस काय पेट्रोलसारखा जळून संपतो का? बंद सिस्टीम असते ती, दरवर्षी गॅस कमी होतोय म्हणजे कुठेतरी लीक आहे. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून पाइपाच्या जॉइंटवरचा तेलकट डाग दाखवला, त्यावर साबणाचं पाणी लावलं आणि बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. जॉइंटमधली ओ-रिंग, म्हणजे रबराची छोटी रिंग, गेली होती, बस.

स्कॅनरचंही तेच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचा कोड वाचायचं ते यंत्र. कोड आला की लगेच 'सेन्सर गेला, बदलावा लागेल'. कोड फक्त कुठे गडबड दिसतेय ते सांगतो, वायर तुटलेली असेल, कनेक्टर सैल असेल, ते तपासलं का हे विचारायचं. डिझेल गाडीचं 'ऑइल काळं पडलंय साहेब' याला तर अजिबात घाबरू नका, डिझेलमध्ये नवं ऑइलसुद्धा काजळीने लवकरच काळं होतं, ऑइल बदलायचं ते मॅन्युअलमधले किलोमीटर आणि महिने बघून.

पण प्रत्येक गोष्ट डोळ्याला दिसत नाही हेही खरं. ब्रेक पॅड मोजता येतात, नवे साधारण १०-१२ मिमी असतात, ३ मिमीच्या आसपास आले की बदलायचे. ब्रेक ऑइल मात्र बाहेरून चांगलं दिसत असलं तरी हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणून बऱ्याच गाड्यांना २ वर्षांनी बदलायला सांगतात. कसारा घाट उतरताना ब्रेक तापले आणि त्या पाण्याची वाफ झाली तर पेडल सरळ खाली जातं. टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करायला लावणाऱ्या पट्ट्याचं, पण तसंच, तुटेपर्यंत काही कळत नाही आणि तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. अशा वेळी मेकॅनिक 'वेळ झालीय, बदला' म्हणाला तर तो लुटतोय असं नाही, मॅन्युअल उघडून ताडून बघा.

आणि एक गोष्ट आपल्याकडूनही व्हायला हवी. बिघाड शोधायला माणसाचा अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे द्यायला आपण कुरकुर करतो, मग तो ते पार्टमधूनच काढणार ना? मी आता आधीच सांगतो, दादा, चेकिंगचे वेगळे घ्या, पण काय निघालं ते मला दाखवा आणि काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवा.