टे अनाऊच्या तीन रात्री आणि मिलफर्डचा पाऊस: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. आम्ही आखून दिलेल्या ट्रिपला दोन स्टार दिलेत, पण कारणं मोकळेपणाने लिहिलीत, त्याबद्दल आभार. उत्तर इथेच देते, म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडची ट्रिप आखणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल. त्यांच्यासाठी तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात सांगते. सात रात्रींपैकी तीन टे अनाऊ या सरोवराकाठच्या, ‘काहीच नसलेल्या गावात’ काढाव्या लागल्या. मिलफर्ड साऊंडला (उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, म्हणजे फियॉर्ड) धो धो पाऊस होता, तिथल्या माइटर पीक या डोंगराचं टोकसुद्धा दिसलं नाही, तरी पैसे परत मिळाले नाहीत. स्ट्यूअर्ट आयलंडवर गाडी नेता येत नाही, पण गाडीचं भाडं मात्र चालू राहिलं. वर बोटीत आईंना खूप त्रास झाला. आणि तुमच्या मित्राने तेवढ्याच दिवसांत वानाका, टेकापो, माउंट कुक, क्राइस्टचर्च असं सगळं पाहिलं.

टे अनाऊपासून सुरुवात करते, कारण आमच्या आखणीचा कणाच तो आहे. नकाशावर मिलफर्ड क्वीन्सटाउन शहराच्या अगदी शेजारी दिसतं. मधे डोंगर आहेत, त्यामुळे रस्ता आधी दक्षिणेला टे अनाऊपर्यंत 170 किलोमीटर जातो आणि तिथून पुन्हा उत्तरेला वळून जवळजवळ 120 किलोमीटर. म्हणजे क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन-येऊन 580 किलोमीटर, तेही बहुतेक सगळं वळणावळणाच्या दुपदरी रस्त्याने, आणि मधे बोटीचे दोन तास. बसवाले हे रोज करतात, पण त्यांचा ड्रायव्हर रोजचा असतो. तुमच्याकडे गाडी चालवणारे तुम्ही एकटे, मागच्या सीटवर सत्तरीचे आई-बाबा, आणि आदल्याच दिवशी विमानातून उतरलेले. असा दिवस मी कुणालाही आखून देत नाही, ते कितीही आग्रह करोत.

दुसरं कारण त्याहून मोठं. मिलफर्डला जाणारा रस्ता एकच. तो होमर बोगद्यातून जातो आणि मिलफर्डला संपतो. जेमतेम सव्वा किलोमीटरचा हा बोगदा, पण 1935 साली खणायला घेतला आणि गाड्यांसाठी उघडला तो 1954 साली. मधे युद्ध आलं, हिमलोट कोसळून कामगारही दगावले. ते डोंगर आजही तसेच आहेत. बर्फ घसरण्याचा धोका असला किंवा पाऊस फार झाला की रस्ता बंद ठेवतात आणि तो कधी उघडेल हे कुणीही आधी सांगू शकत नाही. मे ते नोव्हेंबर गाडीत चाकांच्या साखळ्या ठेवायला सांगतात, त्या तुमच्याही डिकीत होत्या.

आता तुमच्या अभिप्रायात न आलेली गोष्ट. तुमची बोट मंगळवारची होती. त्या दिवशी रस्ता बंद राहणार हे आदल्या संध्याकाळी कळलं. मी लगेच तुम्हाला फोन केला, तिकिटं बुधवारवर नेली, एक डॉलरही जास्त पडला नाही. मंगळवारी तुम्ही सरोवरापलीकडच्या ग्लोवर्मच्या, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या किड्यांच्या, गुहा पाहिल्यात आणि दुपारी मानापौरी सरोवराच्या काठावर गेलात. टे अनाऊत दोनच रात्री असत्या, तर बुधवारी सकाळी तुम्ही स्ट्यूअर्ट आयलंडची बोट जिथून सुटते त्या ब्लफच्या वाटेवर असता आणि मिलफर्ड हुकलं असतं. तिसरी रात्र ठेवतो ती यासाठी. ती कामी आली नाही तर उत्तमच. मग हातात न्यूझीलंडमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या सरोवराकाठचा एक अख्खा दिवस उरतो, आणि नोव्हेंबरात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. गावात मॉल नाही, नाइट लाइफ नाही, हे खरं. ते असायला हवं असं मला वाटतही नाही.

पावसाबद्दल. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वरला तोडीस तोड, आणि तोही चार महिन्यांत नाही, बारा महिने विखुरलेला. कोरडा दिवस मिळाला तर नशीब म्हणायचं. पण मी इथे राहते, उन्हात आणि पावसात, दोन्ही वेळा त्या बोटीवर गेले आहे, आणि मनापासून सांगते, मला निवडायला सांगितलं तर मी पाऊस निवडेन. लख्ख उन्हात फियॉर्डमध्ये बाराही महिने वाहणारे मोठे धबधबे दोनच, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. पावसात मात्र त्या उभ्या काळ्या कड्यांवर शेकडो धारा सुटतात. कड्यावर माती जेमतेम, पाणी मुरायला जागाच नाही, त्यामुळे पडेल तेवढं सगळं खाली येतं. काही धारा पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. वारा त्यांना मधेच उचलतो आणि उलट्या वर नेऊन धुरासारख्या उडवतो. पाऊस थांबला की एखाद्या दिवसात यातल्या बहुतेक गायब होतात. जंगलातून येणारं हे पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर त्याचा थर तरंगत राहतो. खाली उजेड कमी पोचतो, म्हणून एरवी खोल समुद्रात वाढणारं काळं प्रवाळ इथे कमी खोलीवर सापडतं. पाऊस नसेल तर यातलं काहीच नसेल.

माइटर पीक दिसलं नाही याची चुटपुट समजू शकते. फोटोत सगळे तेच बघून येतात. पण बोट सुटली, पूर्ण फेरी झाली. फेरी रद्द झाली असती तर बोट कंपनीने पूर्ण पैसे दिले असते आणि ते तसेच तुमच्या खात्यात आले असते. ढगांसाठी परतावा कुणीच देत नाही, आणि तो मिळेल असं मी कधी कुणाला सांगत नाही.

डाउटफुल साऊंड हा दुसरा फियॉर्ड का नाही, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथे स्वतःची गाडी नेताच येत नाही. आधी लेक मानापौरी बोटीने ओलांडायचं, मग बसने विल्मट पास चढून उतरायचा, मग पुढची बोट. तो घाटरस्ता जमिनीखालच्या वीजकेंद्रासाठी बांधला गेला आणि देशातल्या दुसऱ्या कुठल्याही रस्त्याला तो जोडलेला नाही. (त्याच वीजकेंद्रासाठी सरोवराची पातळी वाढवायचं घाटत होतं, तेव्हा 1970 साली 2,64,907 लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. पातळी वाढली नाही. मंगळवारी ज्या काठावर तुम्ही बसला होतात, तो त्यामुळे जागेवर आहे.) अख्खा दिवस जातो आणि खर्चही बराच येतो. दोन्ही पर्याय तुमच्यासमोर ठेवले होते. तुम्ही मिलफर्ड निवडलंत.

आईंना बोटीत त्रास झाला हे वाचून फार वाईट वाटलं. ब्लफ आणि स्ट्यूअर्ट आयलंडच्या मधल्या फोव्होच्या सामुद्रधुनीत वारा असला की तासाभराचा प्रवासही जड जातो. म्हणूनच आमच्या कागदावर इन्व्हरकार्गिलहून छोट्या विमानाचा पर्याय होता, वीसेक मिनिटांचा, माणशी 15 किलो सामानाचा. खर्चामुळे तो तुम्ही नको म्हणालात, त्यात गैर काहीच नाही. पण ज्येष्ठ मंडळी सोबत असतील त्यांनी इथे हात आखडता घेऊ नये असं मी यापुढेही सांगत राहीन.

गाडी बेटावर जात नाही, कारण ती फेरी फक्त प्रवाशांची आहे. बेटावर रस्ते आहेत तेच सगळे मिळून 28 किलोमीटरच्या आसपास. बाकी बहुतेक बेट 2002 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. गाडी दोन दिवसांसाठी परत करून नवीन घेतली असती तर एकाऐवजी दोन करार झाले असते, डनेडिनला गाडी सोडण्याचा आकार वेगळा लागला असता आणि तुमच्या चार मोठ्या बॅगा ठेवायच्या कुठे हा प्रश्न उरला असता. हिशेब मांडून पाहिला, उभी ठेवणं स्वस्त पडत होतं. तो हिशेब तुम्हाला मेलवर पाठवते.

स्ट्यूअर्ट आयलंडजवळच्या छोट्या उल्वा बेटाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, याची मात्र खंत वाटली. तिथे पायाखालचा पाचोळा जरा हलला की राखाडी रॉबिन पक्षी किड्यांच्या आशेने थेट बुटाजवळ येऊन उभा राहतो, हातभर अंतरावर. अशी जागा दाखवता यावी म्हणून मी हा व्यवसाय करते.

तुमच्या मित्राचा प्लॅन वाईट नाही. टेकापो आणि माउंट कुक सुंदरच आहेत, त्या बाजूची ट्रिपही आम्ही आखतो. पण तुमच्या पहिल्या मेलमधलं वाक्य होतं: “सरोवरं, फियॉर्ड आणि एखादं बेट बघायचंय, आई-बाबा सोबत आहेत, धावपळ नको.” त्या वाक्यावर ही आखणी उभी आहे. तेच वाक्य आज कुणी लिहिलं तर मी हीच आखणी देईन, टे अनाऊच्या तीन रात्रींसकट.

तुमचे मेहुणे फेब्रुवारीत येणार आहेत असं लिहिलंत. आमच्याकडून बुकिंग करोत न करोत, एवढं त्यांना जरूर सांगा: मिलफर्डला निघताना टाकी टे अनाऊतच फुल करा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, पुढे बहुतेक रस्ताभर रेंज नसते. छत्री नको, रेनकोट घ्या. चावणाऱ्या सँडफ्लायसाठी मलम हवंच. आणि घरून लाडू-लोणची आणणार असतील तर विमानतळावर ती जाहीर करा. न सांगता सापडली तर जागेवर 400 डॉलरचा दंड होतो.