ऑड्री हेपबर्नने हॉलिवूडला लाथ मारली नव्हती

हॉलिवूडची अभिनेत्री ऑड्री हेपबर्न हिच्याबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: यशाच्या शिखरावर असताना, अवघ्या 38व्या वर्षी, तिने हॉलिवूडच्या झगमगाटाला लाथ मारली, पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही आणि उरलेलं सगळं आयुष्य उपाशी मुलांच्या सेवेला वाहिलं. खाली सौंदर्यावरची एक कविता, तीही तिच्याच नावावर. मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ऑड्री ज्यांना मनापासून आवडते त्यांनीच तो खोडून काढायला हवा, कारण कौतुकाच्या भरात तो तिच्या आयुष्याची वीस वर्षं गिळून टाकतो.

आधी सोपा मुद्दा. ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली नाही, हे साफ चूक आहे. 1967 च्या 'वेट अंटिल डार्क'नंतर ती थांबली, एवढं खरं. त्यातल्या अंध तरुणीच्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. पण 1976 मध्ये ती शॉन कॉनरीबरोबर 'रॉबिन अँड मेरियन'मध्ये परतली. पुढे 1979 मध्ये 'ब्लडलाइन', 1981 मध्ये 'दे ऑल लाफ्ड' आणि 1989 मध्ये स्पीलबर्गच्या 'ऑलवेज'मध्ये छोटी भूमिका. तिने काम कमी केलं. संन्यास घेतला नाही.

आता लाथ मारण्याबद्दल. सिनेमाचा तिटकारा आला म्हणून ती थांबली नव्हती. ती जेमतेम सहा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले आणि ती जखम आयुष्यभर भरली नाही. मूल व्हावं ही तिची मोठी आस, पण गर्भपात वाट्याला आले. 1959 मध्ये मेक्सिकोत एका चित्रपटाच्या शूटिंगमध्ये घोड्यावरून पडून तिच्या पाठीचं हाड मोडलं. तेव्हा ती गरोदर होती. ते मूलही गेलं. 1960 मध्ये मुलगा शॉन झाला. तो लहान होता तोवर त्याला बरोबर घेऊन शूटिंगला जाता येत होतं. शाळा सुरू झाल्यावर ते जमेना. मग तिने मुलाजवळ राहायचं ठरवलं. 1968 मध्ये पहिला नवरा मेल फेररशी घटस्फोट, 1969 मध्ये इटालियन मनोविकारतज्ज्ञ आंद्रेआ दोत्तीशी लग्न, 1970 मध्ये दुसरा मुलगा लुका. त्या गरोदरपणातही तिला बराच काळ अंथरुणावर काढावा लागला. नंतरची वर्षं रोममध्ये आणि स्वित्झर्लंडमधल्या तोलोशना गावच्या घरी गेली. एका आईने विचार करून घेतलेला हा निर्णय होता आणि त्याला आणखी कुठल्या मोठ्या कारणाची जोड द्यायची गरज नाही. मुलं वाढवणं म्हणजे पुढच्या समाजसेवेची पूर्वतयारी, असं सुचवणारा मजकूर मला खटकतो तो इथे.

कारण युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या संस्थेसाठी ती प्रत्यक्ष उपाशी मुलांमध्ये गेली ती मार्च 1988 मध्ये, इथिओपियात. तेव्हा ती 58 वर्षांची होती, तिची मुलं मोठी झाली होती. मधे वीस वर्षांहून जास्त काळ गेला होता. हा निर्णय वेगळा आणि त्याचं मूळही वेगळं. युद्धकाळात ती नेदरलँड्समध्ये, आर्नेमजवळच्या फेल्प गावात होती. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. ऑड्रीला रक्तक्षय झाला, पाय सुजले. गाव मुक्त झाल्यावर मदतीचं अन्न आलं, तेव्हा तिने कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा संपवला आणि आजारी पडली, ही आठवण ती स्वतः सांगत असे. ती मदत संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याची होती आणि युनिसेफ त्याच कार्यातून पुढे उभी राहिली. आपण त्या मुलांपैकीच एक होतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

'झगमगाट सोडला' हेही उलटच आहे. तिने तो झगमगाट कामाला लावला. पत्रकार इथिओपियातल्या मेकेले शहरातल्या अनाथाश्रमासाठी आले नसते, तिच्यासाठी आले. दौरा संपला की मुलाखतींमागून मुलाखती. 1989 मध्ये तिने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे मुलांसाठी बाजू मांडली. तुर्कस्तानातल्या लसीकरणाबद्दल ती आवर्जून सांगायची: लष्कराने ट्रक दिले आणि मासे विकणाऱ्यांनी लशी न्यायला आपल्या गाड्या दिल्या. लस गार ठेवावी लागते आणि मासळीवाल्याकडे बर्फ असतो. नुसत्या फोटोसाठी आलेल्या माणसाच्या हे लक्षात राहत नाही.

आणि 'उरलेलं सगळं आयुष्य' म्हणजे किती? इथिओपियापासून शेवटच्या दौऱ्यापर्यंत पाच वर्षंसुद्धा नाहीत. तेवढ्यात सुदान, बांगलादेश, व्हिएतनाम, मध्य अमेरिकेतले देश. सप्टेंबर 1992 मध्ये सोमालियात बैदोआच्या छावणीत तिने मुलांची प्रेतं उचलली जाताना पाहिली. परतल्यावर पोटदुखी वाढली, नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला शस्त्रक्रिया झाली, कर्करोग निघाला. 20 जानेवारी 1993 रोजी तोलोशनाच्या घरी ती गेली. वय 63.

राहिली ती कविता, सुंदर ओठांसाठी गोड बोला असं सांगणारी. ती अमेरिकन विनोदी लेखक सॅम लेव्हन्सन यांची आहे. ऑड्रीला ती फार आवडायची, पण तिने ती लिहिलेली नाही. पुढे पाठवायचीच असेल तर लेव्हन्सन यांच्या नावाने पाठवा.