स्वतःच्या माणसांसमोर बोलण्याचे धैर्य

१८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेला ओ देऊन आलेल्या सोळा ज्यू धर्मगुरूंना, म्हणजे रॅबायना, त्यांच्या एका सहकाऱ्यासह अटक झाली. कृष्णवर्णीयांसोबत एका उपाहारगृहासमोर प्रार्थना करणे किंवा दुसऱ्या उपाहारगृहात त्यांच्याबरोबर एका टेबलाशी बसणे, एवढाच त्यांचा अपराध होता. त्या रात्री तुरुंगाच्या बोळातील एकुलत्या दिव्याच्या उजेडात, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी दहशती संघटनेच्या हल्ल्यांविषयीच्या अहवालाच्या पाठकोऱ्या कागदांवर, आपण येथे का आलो हे त्यांनी लिहून काढले. त्या पत्रात शौर्याचा आव नाही. आपण आजवर गप्प राहिलो, याची कबुली आहे, आणि म्हणूनच ते मला फार मोलाचे वाटते.

तरीही या विषयावर विचार करताना माझे मन अधिक रेंगाळते ते जॉर्जिया राज्यातील अटलांटाचे रॅबाय जेकब रॉथशिल्ड यांच्यापाशी. सेंट ऑगस्टीनला गेलेल्यांना परतण्यासाठी आपापली गावे होती. रॉथशिल्ड यांना मात्र १९४६ पासून त्याच दक्षिणी शहरात राहून, वर्णभेदाच्या व्यवस्थेत वावरणाऱ्या स्वतःच्याच ज्यू श्रोत्यांना ही व्यवस्था अन्यायाची आहे असे सांगायचे होते. त्या श्रोत्यांची भीती खोटी नव्हती. १९१५ साली लिओ फ्रँक या ज्यू व्यवस्थापकाला जमावाने जॉर्जियातच फासावर लटकवले होते, आणि त्याची आठवण घराघरांत जिवंत होती. अशा माणसांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण मला ते न्यायाचे वाटत नाही.

१२ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे रॉथशिल्ड यांच्या प्रार्थनामंदिरात डायनामाइटचा स्फोट झाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. खटले चालले, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. पुढच्या शुक्रवारी मंदिर खचाखच भरले, आणि रॉथशिल्ड यांनी ज्यू धर्मग्रंथातील मीखा संदेष्ट्याच्या ‘त्यांना कोणी घाबरवणार नाही’ या वचनावरून प्रवचन दिले. धर्मगुरूने सामाजिक प्रश्नांत पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ते वचन त्यांच्या पोथीतलेच होते, बाहेरून आणलेले नव्हते.

किंग यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यावर, शहरातील अनेक प्रतिष्ठित गोरे उद्योजक काचकूच करीत असतानाही, जानेवारी १९६५ मध्ये अटलांटात त्यांच्या सन्मानार्थ भोजन घडवून आणणाऱ्या मोजक्या नागरिकांत रॉथशिल्ड होते. त्या रात्री सुमारे दीड हजार कृष्णवर्णीय आणि गोरे नागरिक एका दालनात शेजारी शेजारी बसून जेवले.