पांढरी पाच, किंचित चढी

दूरदर्शनची ती सुरुवातीची धून आठवते ना? दोन वळणदार आकार गरगरत यायचे, त्यांचा डोळा व्हायचा आणि मागे सनई. पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची ही रचना १९७६ साली पहिल्यांदा वाजली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिच्यावर चाल करून गेलो.

खोड काढली एका व्हिडिओने. विशीतलं एक पोरगं हीच धून रॉकमध्ये वाजवत होतं. आधी संथ सनई, मग ड्रम्स, मग धडाधड पॉवर कॉर्ड आणि शेवटी बोटं दिसेनाशी होतील असा सोलो. मला वाटलं, सोलो अवघड, सुरुवात सोपी. चार-पाच सूर तर आहेत!

सोलो पंधरा दिवसांत बसला. खोटं नाही. इतक्या वेगात दोन सूर चुकले तर पकडणार कोण? पॉवर कॉर्डनी तर लाडच केले. त्यात नुसते सा आणि प. गंधार वगळतात, कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे रॉकच्या त्या फाटक्या, खरखरीत आवाजात, गंधाराचा चिखल होतो. म्हणजे आपला तंबोराच, फक्त अंगात आलेला.

ते चार-पाच सूर मात्र चार महिने झाले तरी येत नाहीत.

सनईचा सूर हळूच उमलतो. गिटारवर पिक, म्हणजे तार छेडायची चकती, मारली की ‘टंण्’ होतं. ते झाकायला करंगळीने व्हॉल्यूमची खुंटी बंद ठेवायची, तार छेडायची आणि मग खुंटी हलकेच उघडायची. त्याच वेळी डाव्या हाताने तार ढकलून मींड घ्यायची, म्हणजे सूर न तोडता घसरत वर न्यायचा. सूर दोन पडदे वर पोचला पाहिजे. माझा दीड पडद्यावर, मधल्या जिन्यात धापा टाकत बसतो. पहिली तार जेमतेम इंचाचा नऊ हजारांश भाग जाड, पण बोटात विळीसारखी शिरते. बोटांना घट्टे पडले. आता फोन माझा अंगठा ओळखतो, बोटं नाही.

घरच्यांना त्रास नको म्हणून हेडफोन लावले. आमच्या आईचा अभिप्राय आला, “अरे, पिंजारी आलाय का रे? कापूस पिंजल्यासारखं काय वाजतंय?” विजेविना इलेक्ट्रिक गिटार अगदी तशीच वाजते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

बायकोला मी इतिहास सांगून पाहिला. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा संगीत महोत्सव. दुपारी रविशंकरांची सतार झाली आणि रात्री त्याच मंचावर रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने आपली गिटार पेटवून दिली. रॉक आणि रविशंकर यांचा संबंध असा जुना आहे.

“बरं,” ती म्हणाली, “मग तुम्ही तुमची कधी पेटवताय?”

परवा संध्याकाळी हेडफोन काढून अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, लावला आणि पाचव्या मिनिटाला बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचे काका. भजनी मंडळात पेटी वाजवतात. तक्रार ऐकायची तयारी ठेवून मी खुर्ची पुढे केली.

“पट्टी कुठली तुमची?” काकांनी बसता बसता विचारलं.

“ई.”

“ई म्हणजे?”

“पेटीवरची पांढरी तीन.”

“मग हा मागे घूंऽऽ कोण लावतोय?”

अॅम्पची घरघर मला ऐकू येईनाशी झाली होती. घरातल्या विजेचे पन्नास हर्ट्झ गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकांतून, आत शिरतात, हे मी काकांना समजावलं. त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली. “पांढरी पाच. किंचित चढी. अहो, तंबोरा पांढरी पाचचा आणि गवई गातोय पांढरी तीनमध्ये! मींड लागेल कशी?”

माझ्या बोटांवर चार महिने आलेला आळ महावितरणच्या विजेवर गेला, याचा मला इतका आनंद झाला की काकांना दोनदा चहा झाला. मग सगळी धून तीन पडदे वर सरकवली. तारा त्या विजेशी जुळतील इतक्या किंचित चढवल्या. काका मांडीवर ठेका धरून बसले. पिक, खुंटी, ढकल... आणि सूर चढला. पहिल्यांदाच पूर्ण चढला! मागे घूंऽऽ, पुढे सनई. काकांच्या तोंडून ‘वाः’ निघालं. आई आतून म्हणाली, “अगंबाई, बातम्या लागल्या की काय?”

दुसरा सूर घ्यायला हात उचलला, तेवढ्यात बायकोने येऊन पंख्याचा रेग्युलेटर बंद केला. तंबोरा जागीच थांबला. माझी मींड हवेत लोंबकळून दीड पडद्यावर येऊन बसली.

आतून आईचाच आवाज आला, “रुकावट के लिए खेद है!”